वाटाण्याचा वेल आणि फाळक्यांचे डोळे

टीव्हीवरच्या मालिकेचा भाग संपत आला की नायिका गर्रकन वळून पाहते आणि तिचा चेहरा पडद्यावर तसाच गोठतो. पार्श्वसंगीत मात्र वाजत राहते. लग्नाच्या व्हिडिओत अक्षता हवेत असतानाच चित्र थबकते, तोही हाच प्रकार. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. एडिटिंग करणाऱ्याला आज त्यासाठी फार खटपट करावी लागत नाही. हवा तो क्षण निवडायचा, फ्रीजची आज्ञा द्यायची. मग संगणक ते एकच चित्र सेकंदाला पंचवीस वेळा पुन्हा पुन्हा दाखवत राहतो. म्हणजे यंत्राच्या लेखी काहीच थांबलेले नसते. थांबते ते फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारे.

याची उलट बाजू अधिक नवलाची आहे. सिनेमा धावतो असे आपल्याला वाटते, पण त्यातले एकही चित्र हलत नाही. जुन्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मची पट्टी झटक्याझटक्याने सरके. एक चित्र भिंगासमोर येऊन क्षणभर स्तब्ध उभे राही, मग झडप पडून अंधार होई, त्या अंधारात पट्टी पुढे ओढली जाई आणि पुढचे चित्र येऊन उभे राही. हालचाल व्हायची ती अंधारात, प्रेक्षकाच्या नकळत. उजेडात दिसायची ती फक्त थांबलेली चित्रे. त्यांची सांधेजोड डोळा आणि मेंदू मिळून करतात.

ही सांधेजोड नेमकी कशी होते, हे कोडे धुंडिराज गोविंद फाळके यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर हातात घेतले. आपण त्यांना दादासाहेब म्हणून आणि भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. त्या कोड्यापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. धुंडिराज १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, छपाईचे तंत्र शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. त्या काळी प्लेगवर प्रतिजैविक नव्हते. घर सोडून रानात राहायला जाणे हाच लोकांचा मोठा इलाज होता.

मग बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा करून पाहिला, तर तिथे वेगळेच संकट. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत पसरलेली. गिऱ्हाईक फिरकेना. त्या लोकांना हसण्याचे कारण नाही. जो क्षण निघून जायला हवा तो कागदावर कायमचा अडकून पडतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काहीतरी अभद्र वाटणे साहजिक होते. त्यात साथीचे दिवस, मृत्यू प्रत्येकाच्या दाराशी. आज लशींविषयी पसरणाऱ्या अफवांचे मूळही पुष्कळदा अशाच भीतीत सापडते.

या सुमारास फाळके जादूचे प्रयोगही करीत. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी प्रोफेसर केल्फा असे नाव घेतले होते. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यानंतर काही वर्षे पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि फोटो काढण्याची नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदाराशी न पटल्याने तोही व्यवसाय सोडला. धरसोडीचा माणूस असे शेजारीपाजारी म्हणत असतील. मागे वळून पाहिले तर मात्र हे सगळे एकाच विषयाचे शिक्षण होते. ब्लॉकची छपाई म्हणजे बारीक ठिपके, जे थोड्या अंतरावरून डोळ्याला सलग चित्र वाटतात. जादू म्हणजे प्रेक्षकाची नजर भलतीकडे वळवणे. डोळ्याला काय दिसते आणि खरे काय असते, यातल्या फटीत हा माणूस वीस वर्षे काम करत होता.

छापखाना सुटल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतर ते मिळेल तो सिनेमा पाहत सुटले. घरी फिल्मचे तुकडे आणून मेणबत्ती आणि बहिर्वक्र भिंगाच्या मदतीने चित्रे भिंतीवर पाडून पाहू लागले. ती फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. एकदा पेटली की ती स्वतःतलाच ऑक्सिजन वापरून जळते, पाण्यात बुडवूनही विझत नाही. तिच्याजवळ मेणबत्ती लावून रात्र-रात्र बसणे म्हणजे निखाऱ्याशी खेळच होता. घर शाबूत राहिले हे नशीब.

सहा महिने हे चालले. दिवसभर धडपड, संध्याकाळी सिनेमा, रात्री प्रयोग आणि झोप जेमतेम तीन तास. डोळे आधी दुखले, मग धूसर झाले आणि शेवटी दिसेनासे झाले. चित्रकार, छायाचित्रकार आणि मुद्रक असलेल्या माणसाची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले, आणि दृष्टी परत आली.

या दुखण्याला काही चरित्रांत मोतीबिंदू म्हटले आहे. वैद्यकीय दृष्टीने ते पटत नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. गढूळ झालेले भिंग विश्रांतीने किंवा चष्म्याने पुन्हा स्वच्छ होत नाही. शिवाय सिनेमा पाहून मोतीबिंदू होत नाही आणि माणूस आंधळाही होत नाही. बुबुळाच्या पृष्ठभागाचा दाह किंवा व्रण हे वर्णनाशी जास्त जुळते. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो. रोखून पाहताना ही उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. बुबुळ कोरडे पडते, चुरचुरते, डोळे चोळले की ओरखडे उठतात, त्यात जंतुसंसर्ग झाला तर व्रण होतो आणि नजर खरोखरच जाऊ शकते. झोपेत बंद पापण्यांखाली होणारी दुरुस्ती तीन तासांत पुरी होत नाही. चाळिशीत जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतोच. तो नसेल तर डोक्याला आणि डोळ्यांना आणखी ताण. तीन-चार चष्मे का लागले असतील याचा उलगडा यात होतो. लांबचा पडदा, हातातली फिल्म आणि टेबलावरचे यंत्र ही तीन वेगवेगळी अंतरे आहेत.

आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे लुकलुक. त्या काळचे सिनेमे सेकंदाला साधारण सोळा चित्रे या वेगाने धावत. सोळा वेळा उजेड आणि सोळा वेळा अंधार डोळ्याला झोंबतो, म्हणून झडपेला तीन पाती बसवून एकच चित्र तीनदा दाखवीत. म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा उजेड. तेव्हा कुठे डोळ्याला तो सलग वाटे. जिथे यंत्र जुनाट किंवा चालवणारा सुस्त, तिथे डोकेदुखी ठरलेली.

दृष्टी परत येताच फाळके पुन्हा त्याच कामाला लागले. आयुर्विमा गहाण ठेवून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले. मुक्काम दोन आठवड्यांचा. बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांना आधी परावृत्त करून पाहिले, मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन काम दाखवले. फाळक्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, छिद्रे पाडायचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवली आणि १ एप्रिलला परतले. यंत्रे आली, पण भांडवल देणारा कोणी नव्हता. हलती चित्रे इथला माणूस बनवू शकेल यावर विश्वास कोण ठेवणार?

त्यांनी काढलेली तोड साधी होती. एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर पक्का रोवला. महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने चित्रे घेत राहिले. अंकुर फुटला, दोन पाने उघडली, वेल आधार शोधत वर चढला. सगळी चित्रे ओळीने पडद्यावर धावली तेव्हा महिनाभराची वाढ सुमारे मिनिटभरात दिसली. या फिल्मचे नाव अंकुराची वाढ.

रोज एक चित्र घेतले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हिशेब तसा लागत नाही. सेकंदाला सोळा या वेगाने तीस चित्रे दोन सेकंदांत संपतात. मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत, म्हणजे दिवसाला तीसेक. कुंडीपाशी सतत कुणीतरी हजर असणे भाग होते. उजेड दर वेळी सारखा हवा, कुंडी केसभरही सरकता कामा नये, आणि घरात तर लहान मुले.

ही कल्पना जगात पहिली नव्हती. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि १९१० मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी वनस्पतींची हालचाल अशीच टिपली होती. त्याही आधी, १८७८ मध्ये, मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून दाखवले की चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात. डॉक्टर असलेले एतिएन-ज्यूल मारे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने सेकंदाला बारा चित्रे घेऊन पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासू लागले. डोळ्याला जे दिसतेच ते पुन्हा दाखवण्यात मारे यांना रस नव्हता. फार वेगाचे हळू करून आणि फार संथ ते वेगाने पाहावे, यात त्यांना विज्ञान दिसे. फाळक्यांनी नेमके तेच केले, फक्त त्यांचा प्रेक्षक प्रयोगशाळेतला नव्हता, सावकार होता. फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि इतरांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. वाटाण्याच्या वेलाने भारतीय चित्रपटाला भांडवल मिळवून दिले.

राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. लांबी सुमारे ३७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एकूण एकोणसाठ हजारांच्या घरात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे. तेव्हा एवढ्या एका पट्टीला पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे झाली. कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई आणि ती रात्री अंधारात यंत्रावर छेदण्याचे काम सरस्वतीबाईंचे. फिल्म धुणे, कॅमेऱ्यात भरणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच. छिद्र जरा चुकले तर चित्र पडद्यावर थरथरणार. फाळक्यांची चित्रे भिंगासमोर स्थिर उभी राहत, त्यातला मोठा वाटा या बाईंच्या हातांचा आहे, आणि तो फार उशिरा मोजला गेला.

देव प्रकट होणे, अदृश्य होणे हे चमत्कार फाळके कॅमेरा थांबवून करीत. एका ठिकाणी हात वर झाला की कॅमेरा बंद. नटांनी श्वास रोखून जसेच्या तसे उभे राहायचे. दरम्यान देवाची भूमिका करणारा आत येऊन उभा राही आणि कॅमेरा पुन्हा सुरू होई. पाहणाऱ्याला मधला काळ दिसतच नसे. म्हणजे गोठायची ती माणसे, फिल्म नव्हे. आज जे एका क्लिकवर होते ते तेव्हा स्नायूंच्या बळावर होई. माणसाला पूर्ण निश्चल उभे राहता येत नाही. तोल सांभाळताना शरीर सतत किंचित झुलत असते. जुन्या मूकपटांत अशा जागी पदर एकदम उडी मारताना दिसतो तो यामुळेच.

त्याच चित्रपटाच्या चित्रीकरणातला एक प्रसंग चरित्रकार सांगतात. रोहिताश्व झालेला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र खेळताना पडला, डोक्याला दगड लागला आणि तो बेशुद्ध झाला. मंडळींनी त्याला मुंबईला न्यायला सुचवले. फाळक्यांनी प्रथमोपचार केले, आणि पुढचे दृश्य रोहिताश्वाच्या मृत्यूनंतरचे असल्याने बेशुद्ध मुलासह ते चित्रित करून टाकले. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. डॉक्टरला ती तशी ऐकवत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेले मूल ही तातडीची केस असते. आत रक्तस्राव झाला असेल तर गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. मुलगा बरा झाला. पण स्वतःच्या डोळ्यांची पर्वा न करणारा हा माणूस दुसऱ्याच्या शरीराबाबतही तितकाच बेफिकीर होऊ शकत होता, हे चरित्रातून गाळू नये.

खरा फ्रीज फ्रेम, म्हणजे हलते चित्र मध्येच थांबवणे, फाळक्यांच्या काळात अवघडच होते. प्रोजेक्टर थांबवला तर दिव्याच्या उष्णतेने तिथली फिल्म पेटे. त्यामुळे चित्र थांबलेले दाखवायचे तर प्रयोगशाळेत तेच एक चित्र नव्या पट्टीवर ओळीने छापावे लागे. पुढे बोलपटांच्या वेगाने एका सेकंदाला चोवीस वेळा. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्या १९५९ च्या पहिल्या चित्रपटाचा शेवट अशा गोठलेल्या चेहऱ्यावर होतो आणि तेव्हापासून ही युक्ती जगभर रुळली.

मेंदूत मात्र हे आपोआपही घडू शकते, आणि ते भयंकर असते. १९८३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका महिलेची केस प्रसिद्ध केली. मेंदूतील शिरेत गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या मागच्या बाजूचा, हालचाल ओळखणारा भाग दोन्हीकडे निकामी झाला होता. रंग दिसत, आकार दिसत, माणसे ओळखू येत. पण हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला बर्फासारखी गोठलेली भासे, आणि कप भरून वाहू लागला तरी कळत नसे. रस्ता ओलांडताना लांब असलेली गाडी एकदम अंगावर आलेली असे. चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळते म्हणून सिनेमा हलतो, हे शाळेत शिकवले जाणारे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. रेंगाळण्याने लुकलुक जाणवत नाही इतकेच. गती शोधते ती मेंदूतली वेगळी यंत्रणा.

आज फ्रीजचे बटण सर्वांत जास्त दाबले जाते ते बहुधा दवाखान्यात. नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोत किंवा कोपऱ्यावरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पोटातले बाळ पडद्यावर हलत असते. डॉक्टर बटण दाबतात, चित्र थांबते, मग बाळाच्या डोक्याची रुंदी आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. बाळाने नेमके त्याच वेळी अंग फिरवले तर मागे झालेल्या काही सेकंदांतली चित्रे एकेक करून उलटी चाळता येतात. या साठवणीला यंत्रावर सिने असाच शब्द आहे. हृदयाच्या इकोत तर एका थांबलेल्या चित्राने भागतच नाही. हृदय पूर्ण भरलेले असतानाचे एक आणि पूर्ण आकसलेले असतानाचे एक, अशी दोन चित्रे थांबवून तुलना केली तरच त्याची रक्त ढकलण्याची क्षमता कळते.

फाळक्यांनी १९१७ मध्ये लंका दहन काढला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांच्याही भूमिका केल्या. त्याच वर्षीच्या, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या एका छोट्या फिल्ममध्ये फाळके स्वतः काम करताना दिसतात. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव कॅमेऱ्याने जवळून टिपले आहेत. भागीदारांशी भांडणे झाली, मधे काही काळ ते सगळे सोडून काशीला जाऊन राहिले, परत आले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि हाताने दांडा फिरवणाऱ्यांचे युग संपले. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते वारले.

नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी फारच थोडे उरले. नायट्रेटची फिल्म जळते तशीच कालांतराने कुजून भुकटीही होते. जे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. त्यातले तुकडे टीव्हीवर दाखवतात तेव्हा माणसे दुडदुडत पळताना दिसतात आणि घरातली मुले हसतात. तो दोष फाळक्यांचा नाही. सोळाच्या वेगाने टिपलेली चित्रे चोवीसच्या वेगाने चालवली की असे होते. योग्य वेगाने लावली तर मंदाकिनी संथपणे डोळे वळवते, मग हसते.